आत्याची वही आणि गोधडीतले खून

एका टुमदार गावात एक टुमदार घर असतं. घरातल्या चार-पाच खोल्या प्रवाशांना भाड्यानं दिलेल्या असतात. मालकीणबाई पहाटे उठून दालचिनी घातलेलं काहीतरी भट्टीत भाजायला ठेवतात, चहाचा ट्रे घेऊन वर जातात, दार वाजवतात, आणि आतले गृहस्थ मेलेले असतात. पुढच्या तीनशे पानांत आणखी एक माणूस मरतो, मांजर दोनदा हरवतं, पोलीस तीनदा भलत्याच माणसाला धरतात. नाश्ता मात्र एकही दिवस चुकत नाही. शेवटी मालकीणबाई सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतात आणि खुनी कोण ते सांगतात. खुन्याला पोलीस घेऊन गेले की उरलेली मंडळी केक खातात.

इंग्रजीत ह्याला 'कोझी मिस्टरी' म्हणतात. मी त्यांना 'गोधडीतले खून' म्हणते, कारण त्या गोधडीत शिरूनच वाचायच्या असतात. त्यांचे नियम ठरलेले आहेत. रक्त फार दिसता कामा नये. शिव्या नकोत. कुत्र्यामांजराच्या केसालाही धक्का लागता कामा नये, माणसं मेली तर चालतात. तपास करणारी बाई पोलिसातली नसते. तिचं बेकरीचं किंवा लोकरीचं दुकान असतं, किंवा ती ग्रंथपाल असते. आणि पुस्तकांची नावं सलूनच्या पाट्यांसारखी कोट्या करणारी. 'फँटम ऑफ द ऑपेरा'चं एकीनं 'बँटम ऑफ द ऑपेरा' केलं, म्हणजे भुताचा चक्क कोंबडा केला.

हिंजवडीच्या बसमध्ये एका हातानं दांडी आणि एका हातानं मोबाईल धरून मी आठवड्याला अशी एखादी कादंबरी संपवते. मैत्रिणी हसतात. "तू काहीतरी चांगलं वाच की," म्हणतात. चांगलंही वाचते. पण लॉजवाल्या बाईनं खुनी शोधून काढला की मला जे बरं वाटतं ते चांगलं वाचून वाटत नाही. असं का, ह्याचा मी बराच विचार केला आहे. त्याचं उत्तर माझ्या गावात, माझ्या आत्याच्या खानावळीत आहे.

आधी त्या कोंबडेवालीबद्दल. मेरी डेहाइम ही सिएटलची लेखिका. १९९१ साली तिनं 'जस्ट डेझर्ट्स' ही कादंबरी लिहिली. नायिका ज्युडिथ मॅकमोनिगल. नवरा वारलेला, पदरात मुलगा, गाठीला पैसा नाही. आहे ते एक जुनं मोठं घर. ती त्या घराचं 'हिलसाइड मॅनर' करते, म्हणजे रात्रीचा मुक्काम आणि सकाळचा नाश्ता. सोबतीला रेनी नावाची चुलतमावसबहीण आणि कुणाचंच चांगलं न बोलणारी आई. पहिल्याच पुस्तकात पाहुण्यांच्या करमणुकीसाठी बोलावलेली भविष्य सांगणारी बाई विषानं मरते. स्वतःचं भविष्य तिला दिसलेलं नसतं. तपासाला येतो तो जो फ्लिन हा पोलीस अधिकारी, आणि तो निघतो ज्युडिथचं पूर्वी ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तोच. पुढे दोघं लग्न करतात. ही मालिका पंचवीस वर्षांहून जास्त चालली. डेहाइम २०२२ मध्ये गेली, पण ज्युडिथच्या लॉजवरची माणसं अजून मरताहेत. मी अजून सगळी पुस्तकं वाचलेली नाहीत.

लॉजची मालकीण तपास करते हे वरवर हास्यास्पद वाटतं. नीट बघितलं तर तिच्याइतकी लायक कुणीच नाही. माणूस कोणती उशी मागतो, ताटात काय टाकतो, रात्री किती वाजता परत येतो, बिल देताना खिशाकडे हात कसा जातो, हे तिला रोज दिसतं. पोलिसाला खोलीत शिरायला वॉरंट लागतं, हिला केरसुणी पुरते.

मराठीत रहस्यकथा काही कमी नाहीत. बाबुराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजारावर लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड माझ्या आजोबांनी चिमणीच्या उजेडात वाचले. मग गुरुनाथ नाईक, मग सुहास शिरवळकर. पण ह्या जगात पिस्तुलं आहेत, वेषांतरं आहेत, सुसाट मोटारी आहेत. भाकरी थापता थापता खुनी ओळखणारी बाई मला तिथं कुठं भेटली नाही.

मला वाटतं ह्याचं एक कारण 'पाहुणा' ह्या शब्दात आहे. कोझीला एका छपराखाली झोपलेली अनोळखी माणसं लागतात. आमच्या भागात पाहुणा म्हणजे सोयरा. अनोळखी माणूस पाहुणा असूच शकत नाही. एसटीतून नवा माणूस उतरला की पारावरचा पहिला प्रश्न, "कोण गावचं?" दुसरा, "कुणाकडं?" तिसऱ्या प्रश्नाला त्याच्या मामाचं आडनाव निघतं, चौथ्याला तो आपल्याच नात्यात निघतो. जिथं सगळं गावच लॉजच्या मालकिणीसारखं चौकशा करतं, तिथं वेगळी गुप्तहेर कशाला?

तर माझं गाव ईट. जिल्हा धाराशिव, तालुका भूम. गावाचं नाव इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांना 'खा' असं ऐकू येतं, त्यामुळे ह्या गावात खानावळ काढणं म्हणजे अर्धी जाहिरात फुकट झाल्यासारखं. आत्यानं खानावळ काढली तेव्हा तिला हा विनोद माहीत नव्हता. नवरा वारला, सासरच्यांनी वाटणीत हात वर केले, ती माहेरी आली. भावाच्या घरात बसून खायचं नाही म्हणून तिनं स्टँडजवळ दोन खोल्या घेऊन चूल मांडली. पुढे वर चार खोल्या चढवल्या, प्रत्येकीत दोन खाटा टाकल्या आणि पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: 'जेवणाची व राहण्याची उत्तम सोय'. 'उत्तम' हा शब्द पेंटरनं फुकट घातला होता.

भूम तालुका खव्याचा. जमीन कोरडवाहू, पाऊस लहरी, त्यामुळे माणसं दुभत्या जनावरांवर तगलेली. चार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा होतो. भट्टीच्या कढईपुढे उभं राहून सतत हलवत राहावं लागतं. हात थांबला की करपला. हा खवा लांबलांबच्या बाजारात जातो. त्यामुळे आत्याकडे खव्याचे व्यापारी आणि त्यांचे मुनीम उतरायचे. शिवाय बियाण्याच्या कंपन्यांचे फिरते विक्रेते. आणि दुष्काळ पडला की बोअरवेलच्या गाड्यांवरचे तमिळ कामगार. त्यांना भाकरी उतरायची नाही आणि आत्याला त्यांची भाषा कळायची नाही. दोन्ही बाजूंनी हातवारे करून भात वाढला जायचा. दुष्काळ लांबला की आत्याला तमिळ चांगलं यायला लागायचं.

आत्याला माणूस ताटावरून कळायचा. येसराची आमटी बघून नाक मुरडणारा पुणे-मुंबईचा. भाकरी आधी कुस्करून मग आमटी मागणारा आपल्याकडचा. शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून कांद्याला हात न लावणाऱ्या माणसाकडे बघून ती मला हळूच म्हणाली होती, "माळकरी हाय, पण घरी कडक बायको न्हाय. चटणीला आसुसलाय." आणि खरंच, जाताना त्या माणसानं सांगितलं, घरचे सगळे पुण्याला, तो एकटाच असतो. स्टीलचे चमचे गायब व्हायला लागले तेव्हा तिनं तीन दिवस कुणाला काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी एका विक्रेत्याला निघताना म्हणाली, "दादा, पिशवी वाजाय लागलीय तुमची." सात चमचे निघाले. त्यातला एक आमचा नव्हताच.

तिचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे वही. लाल कापडी पाठीची, लांबोडकी. कोण आला, कधी जेवला, किती भाकऱ्या, रोख की उधार. शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर बैलगाडीच्या चाकोरीसारखं सरळ. मी शाळेतून आले की त्या वहीत बेरजा करायचे आणि बक्षीस म्हणून खरवड खायचे. खरवड म्हणजे कढईच्या तळाला लागलेला खवा. तो विकत मिळत नाही, ओळखीवरच मिळतो.

अशा वहीला इतिहास आहे, हे मला फार पुढे कळलं. इंग्रजांनी १८६७ साली सरायांचा कायदा केला. सराय चालवणाऱ्यानं नोंदणी करायची, जागा साफ ठेवायची, दरपत्रक लावायचं. आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यानं मागितलं तर काल रात्री आपल्याकडे कोण कोण उतरलं होतं ते कळवायचं. सरायवाला हा सरकारचा डोळा. चारच वर्षांनी, १८७१ ला, दुसरा कायदा आला: गुन्हेगार जमातींचा. त्यात पारध्यांसारख्या भटक्या जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार धरल्या गेल्या. त्यांनी नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. आमच्या शेजारच्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तो भाग आजही 'सेटलमेंट' नावानंच ओळखला जातो. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, तिथला कारभार वेगळा. पण संशयाला सरहद्द लागत नाही.

मी सहावीत होते. २००३ चा दुष्काळ, गावात टँकर सुरू. आत्याकडे पारधी वस्तीवरचा एक मुलगा कामाला होता, पंधरा-सोळा वर्षांचा. भांडी घासायचा, वरच्या खोल्यांत पाणी पोचवायचा, गाडी कोणत्या गावाची हे नुसत्या हॉर्नवरून सांगायचा. मला त्यानं गलोल धरायला शिकवली होती. आत्या त्याला ओरडायची खूप आणि वाढायची त्याहून खूप.

एक मुनीमजी चार वर्षांपासून दर पंधरा दिवसांनी यायचे. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याचे. शांत माणूस. त्यांचं ठरलेलं असायचं: जेवण झालं की लगेच रोख पैसे द्यायचे, शेठला दाखवायला चिठ्ठी घ्यायची, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी अर्धा किलो खवा बांधून घ्यायचा, मुलीसाठी.

त्या दिवशी सकाळी सातला मुनीमजी वरून ओरडतच खाली आले. पिशवीतले अकरा हजार रुपये गेले. शेठचे पैसे, भट्टीवाल्यांना द्यायचे. रात्री झोपताना होते, सकाळी नाहीत.

कोझी कादंबरीत इथं मालकीणबाई सगळ्यांना प्रश्न विचारायला लागतात. आमच्याकडे कुणी प्रश्न विचारलाच नाही. चहा प्यायला बसलेले आठ-दहा जण एकाच दिशेला बघायला लागले. रात्री वर पाणी कुणी नेलं होतं? झालं. एका गिऱ्हाइकानं उठून त्या मुलाच्या दोन कानफटात दिल्या. दुसऱ्यानं दार अडवलं. तिसरा म्हणाला, पोलिसांना बोलवा. वस्तीवर निरोप कसा गेला कोण जाणे, पण थोड्याच वेळात त्याची आई रस्त्याच्या पलीकडे येऊन उभी राहिली. ती आत आली नाही. कुणी तिला आत बोलावलंही नाही.

आत्या चुलीपुढून उठली. हात पुसले. "आधी च्या घ्या सगळे, मग पोलीस," म्हणाली. चहा म्हटल्यावर माणूस बसतोच. मग तिनं एक कप भरला, काखेत वही घेतली आणि मुनीमजींना म्हणाली, "तुमी वर चला. खोली बगू." साखरेची वाटी घेऊन मी मागोमाग गेले.

खोलीत तिनं काहीच शोधलं नाही. कप ठेवला, वही उघडली आणि मुनीमजींच्या पुढे धरली. आदल्या रात्रीच्या पानावर लिहिलं होतं: मुनीमजी, भाकरी २, पिठलं, उधार. वरच्या सगळ्या पानांवर, चार वर्षं, त्यांच्या नावापुढे 'रोख' होतं.

"रात्रीचं जेवान उधार मांडलंय," आत्या म्हणाली. "आन् खवा न्हाय नेला पोरीला."

बस्स, एवढंच. खिशात शेठचे अकरा हजार असलेला, दर वेळी रोख देणारा माणूस वीस रुपयांचं जेवण उधार कशाला मांडेल? पैसे रात्री चोरीला गेले नव्हते. ते जेवायच्या आधीच नव्हते. कुठं गेले हे आत्यानं विचारलं नाही. ते तिला कळून घ्यायचंच नव्हतं. मुनीमजी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. चहावर साय आली.

दहा मिनिटांनी ते खाली आले आणि घसा खाकरून म्हणाले, "आठवलं. पैसे गादीवरच राहिले, बार्शीला. पिशवीत घेतलेच नव्हते." लोक हसले. कुणी म्हणालं, मुनीमजींचं वय झालं. दार अडवणारा बाजूला झाला. मुलगा मोरीवर जाऊन भांडी घासायला लागला. रस्त्यापलीकडची आई निघून गेली.

अगाथा ख्रिस्तीलाही टाळी वाजवावीशी वाटली असती असा हा तपास. पुरावा एका ओळीचा. आरडाओरडा नाही, कुणाची अब्रू गेली नाही, नाश्ता वेळेवर झाला. मी तर तेव्हा खूष होते. पण पुढच्या चार दिवसांत जे झालं ते कोझी कादंबरीत कधी होत नाही.

गावानं स्वतःचा निकाल लावला. "आत्या लई हुशार," लोक म्हणायला लागले. "पोराकडनं पैसे काढले, मुनीमाच्या तोंडात बार्शी घातली आन् मिटवलं." म्हणजे चोर तोच, फक्त आत्यानं झाकलं. तो चहा घेऊन गेला की माणसं सुट्टे पैसे दोनदा मोजायची. कुणी मुद्दाम पिशवी मांडीवर घ्यायचं. कानफटात देणारा माणूस रोज जेवायला येत राहिला, आणि त्याला भाकरी वाढायचं काम त्याच मुलाकडे. पाचव्या दिवशी मुलानं पगार मागितला, गलोल माझ्या दप्तरावर ठेवली आणि गेला. परत कधी दिसला नाही.

मी आत्याला विचारलं होतं, तू खाली सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस? ती भाकरी थापत म्हणाली, "सांगितलं आसतं तर मुनीमजी गेला आसता. त्याच्यामागं धा व्यापारी गेले आसते. मग खोल्या कुणाला द्यायच्या, तुझ्या बापाला?" मी हसले. ती हसली नाही.

वाचायला लागल्यापासून कोझीतल्या शेवटच्या प्रसंगाची मला जाम गंमत वाटायची. सगळ्यांना एका खोलीत कशाला बसवायचं? थेट खुन्याला धरून न्या की. समीक्षकही ह्याला पोरकट म्हणतात, लेखकाला भाषण ठोकायचं असतं म्हणून केलेली सोय म्हणतात. पण आत्याच्या खानावळीतून बघितलं की हा प्रसंग वेगळा दिसतो. त्या दिवाणखान्यात बारा माणसं असली तर एक गुन्हेगार असतो. उरलेल्या अकरांवर आधीच्या तीनशे पानांत संशय येऊन गेलेला असतो. मालकीणबाई एकेकाचं नाव घेते: तुम्ही रात्री बागेत होता, पण ह्या कारणासाठी. तू खोटं बोललीस, पण त्याचा खुनाशी संबंध नव्हता. एकेक जण मोकळा होत जातो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाकीच्यांसमोर मोकळा होतो. गुन्हेगाराला गुपचूप धरता येतं. निर्दोष माणसाला मात्र चारचौघांतच सोडवावं लागतं, कारण त्याच्यावर आळ चारचौघांत आलेला असतो.

माझ्या गोधडीचं रहस्य हेच. मला खुनी सापडल्याचा आनंद होत नाही. ज्या माळ्यावर, ज्या नोकरावर, ज्या परक्या माणसावर सगळे बोट दाखवत होते, त्याला शेवटच्या प्रकरणात सगळ्यांसोबत केक मिळतो, त्याचा होतो.

ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' हे नाटकही एका लॉजमध्येच घडतं. तरुण नवराबायकोनं नुकतंच सुरू केलेलं, बर्फात अडकलेलं लॉज. लंडनमध्ये ते २५ नोव्हेंबर १९५२ ला सुरू झालं आणि करोनातली सुट्टी सोडली तर आजपर्यंत थांबलेलं नाही. खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना शेवटी केली जाते. ह्या नाटकामागे एका खऱ्या मुलाची गोष्ट आहे. डेनिस ओनील, बारा वर्षांचा, सरकारनं ज्या कुटुंबाच्या हवाली केला त्यांच्याच छळानं १९४५ मध्ये मेला. म्हणजे इतकी वर्षं लोक ज्या नाटकाला हसतखेळत जातात, त्याच्या तळाशी एक पोर आहे, ज्याच्या बाजूनं वेळेवर कुणी बोललं नाही.

त्याच १९५२ साली, नाटक सुरू व्हायच्या तीन महिने आधी, ३१ ऑगस्टला भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. कागदावर सगळे मोकळे झाले. त्या जमातींना तेव्हापासून 'विमुक्त' म्हणतात. पण कुणी त्यांना आणि गावाला एका दिवाणखान्यात बसवून सांगितलं नाही, की ह्या माणसांनी काही केलेलं नव्हतं. नाव फायलीतून निघालं, पारावरून निघालं नाही. आमच्या मुलाचं जे झालं ते मोठ्या प्रमाणावर आधीच होऊन गेलं होतं.

मराठीत लॉजवाल्या बाईची रहस्यकथा नसेल, पण तिची उलटी बाजू आहे, आणि ती आमच्याच भागातून आली. लक्ष्मण गायकवाड लातूरजवळच्या धनेगावचे. १९८२ पर्यंत लातूर आमच्याच जिल्ह्यात होतं. त्यांचं 'उचल्या' १९८७ ला आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रहस्यकथेत ज्याच्यावर पहिल्या पानापासून संशय असतो, त्यानंच स्वतःची गोष्ट सांगितली तर काय दिसतं, ते त्या पुस्तकात आहे. ते गोधडीत शिरून वाचता येत नाही. मी ते कॉलेजात वाचलं आणि त्यानंतर कोझी वाचताना संशयित नोकरांकडे जास्त लक्ष द्यायला लागले.

आता गावात सीसीटीव्ही आहेत आणि प्रत्येक गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पूर्वी "कोण गावचं, कुणाकडं" विचारायला निदान त्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागायचं. आता लांबूनच फोटो काढला जातो आणि खाली लिहिलं जातं, 'सावध राहा'. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. ती माणसं भिक्षा मागत फिरत होती. कोण गावचे हे कळायच्या आत सगळं संपलं होतं.

ज्युडिथ मॅकमोनिगलची गोष्ट मी एकदा आत्याला फोनवर सांगितली. आता तिचे गुडघे दुखतात, खानावळ चुलतभाऊ चालवतो, खोल्यांत टीव्ही आहेत. नवरा वारलेला, घराचं लॉज केलं, खून झाला, हिनं शोधला, सगळ्यांसमोर सांगितलं, असं सगळं ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "तिचा दुसरा नवरा कोण म्हनलीस?"

"पोलीस."

"मग बोलाय येतंय की तिला."

ह्या एका वाक्यानं तिनं अख्ख्या साहित्यप्रकाराची उलटतपासणी केली. कोण चोर हे ओळखायला बुद्धी लागते, ती आमच्या गावात चिक्कार आहे. ते मोठ्यानं बोलायला पाठीशी काहीतरी लागतं: नवरा, नोकरी, जात, जमीन, निदान पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक. एकट्या बाईला ते परवडत नव्हतं. तिच्या वहीनं त्या मुलाला पोलीस ठाण्यापासून वाचवलं, आणि तेवढंच तिच्या हातात होतं. त्यासाठी मी तिला बोल लावत नाही. पण पोलीस नसलेल्या, चहा पीत बसलेल्या त्या आठ-दहा जणांपैकी कुणालाही ते परवडलं असतं. त्यांचा काय धंदा बुडणार होता?

म्हणून माझी एक मागणी आहे. तुमच्यापैकी कुणीतरी ही कादंबरी लिहा. लॉज ईटला ठेवा, किंवा तुमच्या गावी ठेवा, तिथंही स्टँडजवळ एखादं असेलच. विनोद भरपूर घाला, खरवड घाला, तमिळ बोलणारी आत्या घाला. एखादा खून केलात तरी हरकत नाही, मांजराला जपा. फक्त शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना खाली बोलवा. रस्त्याच्या पलीकडे जी बाई उभी आहे तिलाही आत बोलवा, तिला खुर्ची द्या, चहा द्या. आणि मालकिणीनं वही उघडल्यावर चोराचं नाव जरा उशिरा घेतलं तरी चालेल. आधी त्या मुलाचं नाव घेऊ दे, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि सांगू दे, की ह्यानं काही केलेलं नाही.